गुंडूमामांची सही

तिसऱ्यांदा तेच उत्तर आलं तेव्हा मी टॅबलेट टेबलावर पालथा घातला आणि उठून पाणी प्याले.

प्रश्न साधा होता. "भट्टी नंबर दोनचं भंगार कोरडं आहे का?" पहिल्यांदा विचारलं तेव्हा उत्तरही साधंच वाटलं होतं. टॅबलेटमधल्या बॉटचा, म्हणजे बोलून उत्तरं देणाऱ्या प्रोग्रामचा, खरखरीत पुरुषी आवाज आला, "कोरडं आहे. मामांनी बघितलंय. चार्ज टाकायला हरकत नाही." मी विचारलं, कोण मामा? तर म्हणाला, "गुंडूमामा. रोज तेच बघतात."

यात मला काहीच खटकलं नाही. असतील कुणी गुंडूमामा. आमच्या कोल्हापुरात मामा, आण्णा, तात्या यांची टंचाई कधीच नसते. पण टेस्ट रिपोर्टमध्ये माणसाचं पूर्ण नाव आणि हुद्दा लिहावा लागतो, म्हणून मी त्या फाउंड्रीत, म्हणजे लोखंडाच्या ओतकामाच्या कारखान्यात, बंडाआण्णांना फोन लावला. बंडाआण्णा म्हणजे तिथल्या भट्टी विभागाचे फोरमन. पन्नाशी ओलांडलेले, आवाज असा की फोन कानापासून हातभर लांब धरावा. गुंडूमामांचं पूर्ण नाव काय, असं मी विचारलं आणि तो आवाज एकदम खाली आला.

"मामांचं नाव कशाला पायजे?"

"रिपोर्टमध्ये लिहायचंय. भेटता आलं तर अजून बरं."

"मामांस्नी जाऊन तीन वर्सं झाली की, मॅडम."

त्यानंतर मी तो प्रश्न आणखी दोनदा विचारला. दोन्ही वेळा भंगार मामांनीच बघितलेलं होतं.

माझं काम काय ते आधी सांगते, नाहीतर पुढचं नीट समजणार नाही. मी सुजाता मगदूम, क्यूए करते. क्यूए म्हणजे क्वालिटी अ‍ॅश्युरन्स. साध्या भाषेत सांगायचं तर दुसऱ्यांच्या कामातल्या चुका काढायच्या आणि त्याचा पगार घ्यायचा. माझ्या सासूबाईंना हे कळलं तेव्हा त्या म्हणाल्या, याला पगार मिळतो हे आम्हाला कुणी वेळेत सांगितलंच नाही.

पूर्वी मी बिलं बनवणारी सॉफ्टवेअर टेस्ट करायचे. तिथं दोन अधिक दोन चार यायलाच हवेत. पाच आले की बग. बग म्हणजे चूक, ती नोंदवायची आणि प्रोग्रामरच्या मागं लागायचं. जनरेटिव्ह एआयचं तसं नसतं. तो प्रत्येक उत्तर नव्यानं रचतो. तोच प्रश्न दहा वेळा विचारा, शब्द दहा तऱ्हेचे येतील. आणि माहीत नसलं तरी तो गप्प बसत नाही, काहीतरी ठोकून देतो. याला आमच्या धंद्यात हॅल्युसिनेशन म्हणतात. कोल्हापूरकराला हे समजावायला फार वेळ लागत नाही. आमच्याकडं पावण्यानं पत्ता विचारला तर 'माहीत नाही' म्हणणं कमीपणाचं समजतात. माणूस गाडी थांबवून, हातवारे करून, पावण्याला चुकीच्या गल्लीत पाठवतो आणि मदत केली म्हणून खूश होऊन घरी जातो. बॉट हा त्याच घराण्यातला.

शिरोलीच्या बाजूला एक मध्यम आकाराची फाउंड्री आहे. नाव सांगत नाही. त्यांच्यासाठी आमच्या कंपनीनं एक बॉट बनवला होता. कामगारानं टॅबलेटवर बोलून विचारायचं, बॉटनं बोलून सांगायचं. आम्ही त्याचं नाव 'मुकादम' ठेवलं. फाउंड्रीचे सगळे नियम, मशिनची माहितीपुस्तकं आणि अकरा वर्षांची पाळीची रजिस्टरं असं सगळं त्याला वाचायला दिलं होतं. शिवाय दर पाळीच्या सुरुवातीला रजिस्टरच्या चालू पानाचा फोटो काढून सुपरवायझर त्यात टाकायचा, म्हणजे मुकादमला आजचं कळावं. तीन आठवड्यांपासून भट्टी नंबर दोनवर त्याची ट्रायल चालू होती. एक गोष्ट लक्षात ठेवा. मुकादमला डोळे नाहीत. तो भंगार बघत नाही, भट्टी बघत नाही. तो फक्त कागद वाचतो.

आता भंगार कोरडं असण्याचं एवढं काय, ते सांगते. भट्टीत लोखंडाचा रस उकळत असतो. वरून क्रेननं बकेट आणून त्यात भंगार सोडतात, त्याला चार्ज टाकणं म्हणतात. त्या भंगाराबरोबर पाणी आत गेलं, एखाद्या तोंड बंद झालेल्या पाइपमध्ये पेलाभर जरी साचलेलं असलं, तरी रसात बुडाल्याबरोबर त्याची वाफ होते. ती वाफ स्फोट होऊन रसासकट वर येते. समोरच्या माणसांना पळायला वेळ मिळत नाही. भट्टी दोनवर एका पाळीला पाच माणसं असतात. म्हणून भंगार बघणं हे त्या फाउंड्रीतलं सगळ्यात साधं आणि सगळ्यात मोठं काम. गुंडूमामांनी ते तेवीस वर्षं केलं होतं.

मी बग नोंदवला. माझा पहिला संशय जुन्या रजिस्टरांवर होता. मामा हयात होते तेव्हाची पानं वाचून मुकादम आजचं म्हणून सांगत असणार. असं होतं. मी प्रोग्रामरना सांगून मामांच्या हयातीतली सगळी पानं मुकादमच्या वाचनातून काढायला लावली. खरंच काढली का, ते स्वतः शोधून खात्री करून घेतली. मग पुन्हा विचारलं. पाऊस आठवडाभर थांबला नव्हता. राजारामपुरीत आमच्या ऑफिसात दुपारी तीनला दिवे लावावे लागत होते.

"कोरडं आहे. आज सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी मामांनी बघितलं."

आता तर वेळही सांगत होता.

बॉटकडं उत्तराचा आधार मागता येतो. कुठल्या कागदावरून बोलतोस ते दाखव म्हटलं की तो कागद समोर येतो. मी मागितला. रजिस्टरच्या पानाचा फोटो आला. वर तारीख त्याच दिवसाची होती. 'भंगार तपासले' या रकान्यात निळ्या शाईत सही होती, गुंडू. 'डू'च्या उकाराची शेपटी लांब ओढून मागं वळवलेली. शेजारी शेरा होता, 'मामांनी बघितलं, ७.१०.' कुणाचं तरी ओलं बोट लागून शाई थोडी पसरली होती.

मी कालचं पान उघडलं. परवाचं उघडलं. तिन्ही पाळ्यांची पानं उघडली. शेवटी बारा सह्या एकाखाली एक लावून बघितल्या. शेपटीचं वळणसुद्धा तेच. ऑफिसात आठ माणसं बसली होती, पलीकडच्या टेबलावर कुणीतरी वडा खात होतं, आणि मला त्या खोलीत बसवेना. मी घाबरले होते हे कबूल करायला मला लाज वाटत नाही.

अभिजितला दाखवलं. अभिजित आमच्या कंपनीचा मालक, माझ्यापेक्षा सहा वर्षांनी लहान, हुशार आणि कायम घाईत. त्यानं फोटो बघितला, उत्तर बघितलं.

"मग बग कुठाय? कागदावर आहे तेच बॉट सांगतोय."

"सही करणारा माणूस जिवंत नाही, अभिजित."

"तो त्यांचा प्रश्न. आपली टेस्ट पास आहे."

त्याचं म्हणणं अगदीच चुकीचं नव्हतं. आमच्याकडं एक टेस्ट असते. बॉटचं उत्तर दिलेल्या कागदाशी जुळतं का ते बघायचं, जुळलं की हिरवी खूण. इथं हिरवी खूण आली होती. कागदच खोटा असेल तर काय करायचं याची टेस्ट आमच्याकडं नव्हती. शनिवारी फाउंड्रीच्या मालकांसमोर शेवटची चाचणी होती आणि सोमवारपासून मुकादम सगळ्या भट्ट्यांवर सुरू व्हायचा होता. मी म्हटलं, मी शुक्रवारी जाऊन येते. तो म्हणाला, जा, पण शनिवार हलणार नाही.

शुक्रवारी सकाळी मी रेनकोट चढवून स्कूटरवरून निघाले. पंचगंगेचं पाणी पुलाखाली चढलेलं होतं. फाउंड्रीच्या शेडमध्ये वर उजेडासाठी पारदर्शक पत्रे बसवलेत, त्यांवर शेवाळ धरलेलं. त्यामुळं आत भर सकाळी हिरवट उजेड होता आणि माणसांचे चेहरे आजारी दिसत होते. बंडाआण्णा मला मागच्या अंगाला भंगाराच्या यार्डात घेऊन गेले. वर छप्पर आहे, पण बाजू उघड्या. पाऊस आडवा आला की ढिगाची एक बाजू भिजतेच.

ढिगाजवळ एक लोखंडी स्टूल होतं. त्यावर कागदी कपात चहा होता, काठोकाठ भरलेला, साय धरलेला. मला वाटलं कुणी विसरलं असेल. रेनकोट काढायला मी टेकणार, एवढ्यात बंडाआण्णांनी हात आडवा घातला.

"तिथं नगं, मॅडम. मामांचं हाय त्ये."

मग त्यांनी सगळं सांगितलं. मामा गेले ते घरीच, झोपेत. अपघात नाही, काही नाही. दुसऱ्या दिवशी रजिस्टर उघडलं तर तो रकाना समोर. मामा सकाळी तिन्ही पाळ्यांचं भंगार बघून सही करायचे, त्यामुळं तेवीस वर्षं तिथं एकच सही होती. तिच्याखाली आपलं नाव लिहायला कुणाचाच हात उठेना. आठवडाभर रकाना कोरा राहिला. मग एका पाळीत कुणीतरी भंगार बघून मामांचीच सही केली. पुढच्या पाळीनंही केली. सगळ्यांना बरं वाटलं. तीन वर्षं तसंच चालू होतं. पहिला चहाही रोज स्टुलावर ठेवतात.

मी विचारलं, पण सगळ्यांच्या सह्या इतक्या सारख्या कशा?

"नवीन माणूस आला की आदी सही शिकवतो. जमल्याबिगर भट्टीवर घेत न्हाय."

त्यांनी आतून रजिस्टर आणवून शेवटची पानं उघडून दाखवली. ओळीनं गुंडू, गुंडू, गुंडू. शाळेत गिरवतात तसं. एका हाताचं आधी वाकडं, मग सरळ, मग हुबेहूब. खाली दुसऱ्या हाताचं, परत वाकड्यापासून सुरू. पाच-सहा पानं भरलेली होती. बंडाआण्णा कौतुकानं दाखवत होते आणि मला ते रजिस्टर हातात धरवत नव्हतं.

तेवढ्यात मला दुसरी एक गोष्ट आठवली. मुकादमसाठी आवाज निवडायचा होता तेव्हा आम्ही कामगारांना सहा आवाज ऐकवले होते. चांगले रेडिओवरच्यासारखे आवाज सोडून सगळ्यांनी एकमतानं चार नंबरला हात वर केला होता. खरखरीत, थोडा दम लागल्यासारखा. तेव्हा मला वाटलं होतं, कोल्हापूरकरांना गोड बोलणं सोसत नाही. आता बंडाआण्णांना विचारलं. ते जमिनीकडं बघत म्हणाले, मामांचा आवाज डिट्टो तसाच होता.

मी कामाच्या प्रश्नाकडं आले. सही मामांची, ठीक. पण सही करायच्या आधी भंगार कोण बघतं? "बघतोय की. बघितल्याबिगर सही न्हाय, नियमच हाय," बंडाआण्णा म्हणाले. मी विचारलं, आज कुणी बघितलं? त्यांनी पाळीची पाचही माणसं बोलावली. ती एकमेकांकडं बघायला लागली. मी हटून बसले. शेवटी बकेट चालवणारा संभाजी पुढं आला. चाळिशीचा, दोन मुलींचा बाप, कामाला वाघ.

"सही मी केली. बघितलं न्हाय."

"का नाही?"

"मुकादमला इचारलं. त्यो म्हणला मामांनी बघितलंय."

मला क्षणभर कळलंच नाही. मग कळलं. आधी सही करायला निदान ढिगापर्यंत यावं लागायचं, रजिस्टर तिथंच असायचं. आल्यावर चार तुकडे उलटेपालटे केले जायचे. ट्रायलसाठी आम्हीच रजिस्टर टॅबलेटशेजारी आत नेऊन ठेवायला सांगितलं होतं. मग माणसं काय करायची, मुकादमला विचारायची. मुकादम मागच्या पाळीची सही वाचून सांगायचा, मामांनी बघितलंय. ते ऐकून माणूस मामांची सही करायचा. ती सही पुढच्या पाळीला मुकादम वाचायचा. तीन आठवडे, भर पावसाळ्यात, रोज तीन पाळ्या. भंगार कुणीच बघत नव्हतं.

मला राग आवरला नाही. मी म्हटलं, उद्या इथं काही झालं तर कागदावर कुणाचं नाव आहे? बंडाआण्णांचा आवाज चढला. "आमी मामांचा मान ठिवतोय. तुमास्नी न्हाय कळायचं त्ये."

"मान ठेवताय का मामांच्या मागं लपताय?"

मला बोललेल्या शब्दांचं वाईट वाटलं, पण मुद्द्याचं वाटलं नाही. संभाजीनं स्टुलावरचा कप उचलला, चहा बाहेर पावसात ओतला आणि कप परत स्टुलावर ठेवला.

मॅनेजर जाधव साहेबांना मी सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, रजिस्टर आमचं, ते सोमवारनंतर आम्ही बघू. तुम्ही सॉफ्टवेअरचं बघा. अभिजितला फोन केला तर तो म्हणाला, उद्या डेमोत भंगाराचा प्रश्न विचारू नको म्हणजे झालं. मी रात्री बगचा दर्जा बदलून 'क्रिटिकल' केला. क्रिटिकल म्हणजे हा दुरुस्त झाल्याशिवाय सिस्टीम चालू करू नका. त्याच्यावर निर्णय मालकांचा असतो, टेस्टरचा नाही. पण उद्या पहिला प्रश्न तोच विचारायचा आणि उत्तर आलं की मालकांदेखत वळून, खरं कुणी बघितलं, असं विचारायचं, हे मी ठरवूनच ठेवलं.

शनिवारी अकरा वाजता भट्टीपाशी सगळे जमले. मालक, जाधव साहेब, अभिजित, पाळीची माणसं. बंडाआण्णा माझ्याकडं बघत नव्हते. भट्टी पूर्ण तापलेली होती. संभाजीनं क्रेनवर बकेट उचलून वर आणली आणि बटणावर अंगठा ठेवून थांबला. मी टॅबलेट हातात घेतला. अभिजितनं मानेनं नको म्हटलं. मी विचारलं, "भट्टी नंबर दोनचं भंगार कोरडं आहे का?"

मुकादमला उत्तर द्यायला दोन सेकंद लागतात. या वेळी जास्त लागले. नेट गेलं असं मला वाटलं. मग तो दमलेला आवाज आला.

"थांबा. मामांनी आज बघितलेलं नाही. तळ बघा."

संभाजीचा अंगठा बटणावरून निघाला. एका माणसानं डोक्यावरचं हेल्मेट काढून छातीशी धरलं. मी टॅबलेटकडं बघत होते. मी तयारी केली होती ती नेहमीच्या उत्तराची. याची नाही.

बंडाआण्णा एकच शब्द म्हणाले, "खाली."

बकेट परत यार्डात नेली. जमिनीवर ओतली. कुणी न सांगता सगळी माणसं गुडघ्यांवर बसून एकेक तुकडा बाजूला करू लागली. वरचं सगळं कोरडं होतं. पत्र्याचे कापलेले तुकडे, जुने गज. अगदी तळाला होतं ते सगळ्यात शेवटी दिसलं, हातभर लांबीचा जाड पाइप, दोन्ही तोंडं ठोकून चेपलेली. बंडाआण्णांनी तो उचलून कानाजवळ नेला आणि हलवला. आत पाणी खळखळलं. त्यांनी पाइप तिरका धरला, तर चेपलेल्या फटीतून पाण्याची बारीक धार लागली आणि बराच वेळ लागून राहिली.

मालक मागं सरकले आणि मामांच्या स्टुलावर बसले. त्यांना कुणी अडवलं नाही. संभाजी भिंतीला टेकून उभा होता. त्यानं मला एवढंच विचारलं, "मॅडम, मी सोडलं असतं ना?" मी हो म्हणाले. खोटं बोलण्यात अर्थ नव्हता.

आता ज्याचा उलगडा झाला ते सांगते. मी घरी जाऊन जेवलेसुद्धा नाही, आधी सकाळच्या पानाचा फोटो उघडला. 'भंगार तपासले' हा रकाना कोरा होता. रात्रपाळीचाही कोरा होता. शुक्रवारी मी जे बोलले ते सगळ्या पाळ्यांना कळलं होतं. त्यानंतर मामांची सही करायला कुणाला धीर झाला नाही, आणि स्वतःची करायलाही. भंगार बघायची जबाबदारीही कुणी अंगावर घेतली नाही. सुपरवायझरनं नेहमीप्रमाणं फोटो टाकला, रकाना बघितला नाही. मुकादमनं कोरा रकाना वाचला आणि सरळ सांगितलं, मामांनी बघितलेलं नाही. यात भुताटकी काही नाही. बॉटनं कागदावरचं खरं सांगितलं. अभिजितच्या भाषेत, टेस्ट पास.

राहिले दोन शब्द. तळ बघा.

मुकादमला वाचायला दिलेल्या सगळ्या कागदांत मी 'तळ' हा शब्द शोधला. नियमांत नव्हता. मशिनच्या पुस्तकांत नव्हता. तीन वर्षांच्या रजिस्टरांत एकदाही नव्हता. सोमवारी फाउंड्रीत जाऊन बंडाआण्णांना विचारलं, तर ते आत गेले आणि कपाटातून एक जुनं रजिस्टर घेऊन आले. मामांच्या हयातीतलं, मामांच्याच अक्षरातलं. पावसाळ्याची पानं काढून दाखवली. शेऱ्याच्या रकान्यात दिवसाआड तेच. 'तळ बघा.' पुढच्या पाळीसाठी लिहून ठेवलेलं. मामांनंतर हा शेरा कुणी लिहिला नाही. त्यांची सही सगळ्यांनी गिरवली, शेरा कुणी गिरवला नव्हता.

ही तीच पानं होती, जी मी मुकादमच्या वाचनातून काढायला लावली होती.

आम्ही सगळं तपासलं. पानं कुठं मागं राहिली होती का, एखादी प्रत कुठं पडून होती का. प्रोग्रामरनी दोन दिवस घालवले. काही सापडलं नाही. अभिजित म्हणाला, योगायोग आहे. बॉट शब्दांपुढं शब्द लावत जातो, भंगार आणि बकेट म्हटल्यावर तळ हा शब्द यायला काय हरकत आहे? हरकत काहीच नाही. माझंही शहाणं मन तेच म्हणतं. मी तोच कोरा रकाना देऊन, तोच प्रश्न चाळीस वेळा विचारला. मामांनी बघितलेलं नाही, असं त्यानं चाळीस वेळा सांगितलं. तळ बघा, असं एकदाही म्हणाला नाही. आमच्या यादीत अशा बगसाठी एक शेरा असतो, 'कॅनॉट रिप्रोड्यूस'. म्हणजे जे घडलं ते पुन्हा घडवून आणता आलं नाही. मी तो शेरा लिहिला.

मुकादम त्या सोमवारी सुरू झाला नाही. महिन्याभरानं झाला. आता भंगाराबद्दल काहीही विचारलं तरी तो स्वतः उत्तर रचत नाही. आम्ही लिहून दिलेलं एकच वाक्य बोलतो, "मला भंगार दिसत नाही. तुम्ही बघा आणि आपलं नाव लिहा." रजिस्टर परत यार्डात गेलं. आवाज बदलायचा का, असं मी विचारलं होतं. बंडाआण्णा न्हाय म्हणाले.

नव्या पद्धतीच्या पहिल्या दिवशी मी हजर होते. बंडाआण्णांनी स्वतः बकेट उपसून बघितली, कोपरापर्यंत हात तळाला घालून. मग पेन घेतलं. 'गुं' एवढं लिहून झालं आणि त्यांचा हात थांबला. त्यांनी ते अक्षर खोडलं आणि शेजारी आपलं नाव लिहिलं. तीन वर्षं दुसऱ्याची सही हुबेहूब करणाऱ्या माणसाची स्वतःची सही पहिलीतल्या मुलासारखी वाकडी आली. त्यांनी डोळे पुसले, मी दुसरीकडं बघितलं.

ऑफिसात येऊन शेवटचा रिपोर्ट लिहायला बसले. आमचा रिपोर्टचा कागद छापील असतो. खाली 'टेस्टेड बाय' असं लिहिलेलं असतं आणि त्यापुढं आधीपासून छापलेलं असतं, 'क्यूए टीम'. चार वर्षं माझे सगळे रिपोर्ट त्याच नावानं गेले होते. मुकादमच्या ट्रायलला परवानगी दिली, रजिस्टर आत हलवायला सांगितलं, त्या रिपोर्टवरही तेच होतं. टीममध्ये मी एकटीच आहे.

शुक्रवारी बंडाआण्णांना मी काय बोलले होते ते मला आठवलं. मी ते छापील शब्द खोडले आणि शेजारी सुजाता मगदूम असं लिहिलं. लिहिताना माझाही हात थोडा थांबला होता.